विमान वाहतूक सुरक्षा : उद्योगक्षेत्राचा दृष्टिकोन आणि चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांपुढील आव्हाने

प्रस्तावना

विमान वाहतुकीची सुरक्षा हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई किंवा दिल्लीचा विमानतळ उभा राहतो. प्रवाशांची रांग, सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र, गणवेशातील जवान आणि काढून ठेवलेले कमरपट्टे असे ते चित्र असते. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांचा त्या चित्राशी काही संबंध असेल असे कोणाच्याही मनात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखकाने पदवीच्या वर्गात हा विषय शिकविताना, किती जणांनी विमानाने प्रवास केला आहे असे विचारले, तेव्हा एकही हात वर आला नाही. मात्र हेलिकॉप्टर जवळून कोणी पाहिले आहे, या प्रश्नावर जवळजवळ सर्व हात वर आले. या लेखाचा विषय त्या दोन उत्तरांमधील अंतर हाच आहे, असे म्हटले तरी चालेल.

या दोन जिल्ह्यांतून आज नियमित प्रवासी विमानसेवा नाही. चंद्रपूरच्या प्रवाशास सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते आणि गडचिरोलीकरांस त्याहून अधिक. तथापि येथील आकाश रिकामे नाही. पोलिसांचे हेलिकॉप्टर, निवडणूक पथके वाहून नेणारी हवाई दलाची हेलिकॉप्टरे, चंद्रपूरजवळील मोरवा येथील धावपट्टी आणि अलीकडच्या काळात ड्रोन असे त्याचे स्वरूप आहे. यांपैकी बहुतेक उड्डाणांना प्रवासी टर्मिनल नाही. आपली सुरक्षाव्यवस्था मात्र प्रामुख्याने टर्मिनलभोवती रचली गेली आहे. या विसंगतीचा परिणाम काय होतो, आणि विमान वाहतूक उद्योगाकडून जी आव्हाने सांगितली जातात त्यांची या भागात पारख कशी होते, हे पाहण्याचा प्रयत्न पुढे केला आहे.

सुरक्षा आणि सुरक्षितता

आरंभीच एका संज्ञाभेदाचा खुलासा आवश्यक आहे. यंत्रबिघाड, हवामान, वैमानिकाची चूक यांपासून होणारा बचाव म्हणजे सुरक्षितता, तर कोणीतरी हेतुपुरस्सर केलेल्या बेकायदेशीर कृत्यापासून होणारा बचाव म्हणजे सुरक्षा. मराठी वृत्तपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि त्यातून गोंधळ होतो. १७ जुलै २०२४ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचे हेलिकॉप्टर नागपूरहून गडचिरोली जिल्ह्याकडे येताना दाट ढगांत सापडले होते. तो अनुभव पुढे जाहीर भाषणातही सांगितला गेला. ही घटना सुरक्षिततेची होती. तेच हेलिकॉप्टर जंगलातील मोकळ्या जागेवर उतरत असताना त्यावर कोणी नेम धरला असता, तर तो प्रश्न सुरक्षेचा झाला असता. ज्या प्रदेशात दोन्ही शक्यता एकाच उड्डाणात संभवतात, तेथे वैमानिकापुढील पेच वेगळाच असतो. ढगांखाली राहावे तर जमीन जवळ येते, आणि उंच जावे तर वाट दिसत नाही.

व्यवस्थेची जडणघडण

भारतातील विमान वाहतूक सुरक्षेचा इतिहास हा घडून गेलेल्या आपत्तींना दिलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण झाले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ जणांचा मृत्यू झाल्यावर या कक्षाचे १ एप्रिल १९८७ पासून नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो या स्वतंत्र विभागात रूपांतर करण्यात आले. डिसेंबर १९९९ मधील कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपविण्यास आरंभ झाला. ३ फेब्रुवारी २००० रोजी जयपूर हा त्यातील पहिला विमानतळ ठरला. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९४४ च्या शिकागो करारास जोडलेले, मार्च १९७४ मध्ये स्वीकृत झालेले परिशिष्ट १७ हा या सर्वांचा पाया आहे.

या क्रमाकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. अपहरणकर्ता वा स्फोटके विमानात शिरू नयेत, या एकाच भीतीभोवती बहुतेक नियम गुंफलेले आहेत. ती भीती रास्त होती व आहे. परंतु १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे परदेशी विमानातून शस्त्रास्त्रे टाकली गेली, तेव्हा कोणत्याही प्रवाशाची झडती त्या प्रसंगी उपयोगी पडणारी नव्हती. दुर्गम, मागास, विरळ वस्तीचा मुलुख आणि त्यावरील लक्ष नसलेले आकाश हा धोक्याचा दुसरा प्रकार आहे. पुरुलियाचा धडा आपण शस्त्रांच्या संदर्भात घेतला, आकाशाच्या संदर्भात पुरेसा घेतला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उद्योगक्षेत्राचे म्हणणे

विमान कंपन्या व विमानतळ चालविणाऱ्या संस्था यांचे गाऱ्हाणे जगभर साधारणतः सारखेच आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची भूमिका अशी की, दहशतवाद हा राष्ट्रावरील हल्ला असतो, विमान हे केवळ त्याचे साधन; म्हणून सुरक्षा ही शासनाची जबाबदारी आहे आणि तिचा खर्चही शासनाने उचलावा. दुसरे म्हणणे असे की, सर्वांना एकाच मापाने मोजण्याऐवजी धोक्याचे मूल्यमापन करून त्या प्रमाणात उपाय ठरवावेत. नियमांनी यंत्र कोणते हे सांगण्यापेक्षा परिणाम कोणता हवा हे सांगावे, अशीही मागणी आहे. सायबर हल्ले, ड्रोन, आतील कर्मचाऱ्यांकडून होणारी फितुरी आणि दिशादर्शक उपग्रह संदेशांतील हस्तक्षेप ही पुढील काळातील प्रमुख संकटे म्हणून गणली जातात.

खर्चाच्या मुद्द्यापुरते पाहता भारतात हा भार प्रवाशावर पडतो. तिकिटातील पूर्वीच्या प्रवासी सेवा शुल्काच्या सुरक्षाविषयक भागाची जागा १ जुलै २०१९ पासून विमान वाहतूक सुरक्षा शुल्काने घेतली, व १ एप्रिल २०२१ पासून देशांतर्गत प्रवाशामागे ते २०० रुपये करण्यात आले. मोठ्या विमानतळावर कोट्यवधी प्रवाशांच्या अशा शुल्कातून दल पोसले जाते. दिवसाकाठी एखादे लहान विमान उतरणाऱ्या ठिकाणी मात्र हे गणित साफ कोलमडते. म्हणूनच ‘उडान’ योजनेत लहान विमानतळांच्या सुरक्षेचा व अग्निशमनाचा भार राज्य शासनाने उचलावा अशी तरतूद करण्यात आली. विदर्भातील अनुभव फार जुना नाही. गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, खंडित झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी सेवा सुरू झाली. विमान येवो न येवो, भिंत राखावी लागते, पहारा ठेवावा लागतो, यंत्रे चालू स्थितीत असावी लागतात.

आता गडचिरोलीस विमानतळ उभारण्याचा मनोदय राज्य शासनाने जाहीर केला आहे. येथे एक प्रश्न आधीच विचारला जावा असे वाटते. राज्याच्या पोलिसांनी विमानतळ राखायचा तर ते मनुष्यबळ कोठून येणार? जिल्ह्यातील पोलीस दलाची घडण १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-६०’ पथकापासून जंगलातील मोहिमांसाठी झालेली आहे. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावरील सावली ओळखणे हे सर्वस्वी निराळे कसब आहे. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण व प्रमाणपत्र लागते. धोक्याच्या प्रमाणात उपाय असावेत, ही उद्योगाची मागणी येथे उचित ठरते. मात्र तिचा अर्थ स्वस्तात उरकणे असा घेतला गेल्यास ती घातक होईल. गडचिरोलीत प्रवासी थोडे असतील, पण त्यावरून धोकाही थोडा असे अनुमान काढता येत नाही. उद्योगाच्या निवेदनांत ही दोन परिमाणे नकळत एकत्र केली जातात, ही त्यातील उणीव होय.

टर्मिनल नसलेले उड्डाण

गडचिरोली जिल्ह्याचे दोन तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाच्छादित आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. जिल्हा मुख्यालय तेथून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. अशा वेळी हेलिकॉप्टर हेच रुग्णवाहिकेचे, टपालगाडीचे आणि मतपेटीचे वाहन बनते. जखमी जवानांना नागपूरच्या रुग्णालयात पोहोचविण्याचे कामही तेच करते. एप्रिल २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघातील दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने नेण्यात आली होती.

अशा उड्डाणावरील धोका कसा असतो हे शेजारच्या छत्तीसगडमधील दोन घटनांवरून स्पष्ट होते. इंद्रावतीपलीकडच्या बिजापूर जिल्ह्यातील पिडिया येथून १४ नोव्हेंबर २००८ रोजी मतदान कर्मचारी व यंत्रे घेऊन निघालेल्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर नक्षलवाद्यांनी गोळीबार केला. त्यात उड्डाण अभियंता सार्जंट मुस्तफा अली मृत्युमुखी पडले. १८ जानेवारी २०१३ रोजी सुकमा जिल्ह्यात जखमी जवानांना आणण्यासाठी निघालेल्या हेलिकॉप्टरवर गोळ्या झाडल्या गेल्या व त्यास तिमिलवाडाजवळ जंगलात उतरावे लागले. दोन्ही प्रसंगी कोणतेही आधुनिक क्षेपणास्त्र वापरलेले नव्हते. साध्या बंदुका पुरेशा ठरल्या, कारण हेलिकॉप्टर जमिनीलगत व संथ गतीत होते.

धोका उड्डाणाच्या पहिल्या व शेवटच्या काही मिनिटांत एकवटलेला असतो, ही बाब विमानतळाच्या बाबतीतही खरी आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये केनियातील मोंबासा येथे प्रवासी विमानावर खांद्यावरून डागावयाची क्षेपणास्त्रे सोडण्यात आली, तीही विमान नुकतेच उडाले असताना. परंतु विमानतळास भिंत असते, जंगलातील हेलिपॅडला ती नसते. तेथे भिंतीचे काम माणसे करतात. हेलिकॉप्टर येण्यापूर्वी जवान भोवतालचा परिसर पायी तपासतात, झाडीत कडे करतात आणि यंत्र पुन्हा आकाशात जाईपर्यंत तेथेच थांबतात. येण्याची वेळ व दिशा सतत बदलती ठेवणे हाही संरक्षणाचाच भाग असतो. म्हणजेच एका उड्डाणाच्या सुरक्षेसाठी जमिनीवर कित्येक जणांनी आपला जीव धोक्यात घातलेला असतो. विमान वाहतूक सुरक्षेच्या कोणत्याही हिशेबात हा खर्च लिहिला जात नाही. तिकिटावरील २०० रुपयांत तर तो नाहीच.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने आपल्या साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. बंदुकीचा धोका त्यामुळे पुष्कळ ओसरला, हे मान्य करावे लागेल. तथापि धोका ओसरला की पहिली कात्री पहाऱ्याला लागते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. आणि नेमक्या याच काळात जिल्ह्यात खाणी, पोलाद प्रकल्प व विमानतळ यांचे आगमन होत आहे.

ड्रोन : आशा आणि आशंका

२७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनद्वारे स्फोटके टाकण्यात आली आणि भारतात या विषयाचे गांभीर्य एका रात्रीत वाढले. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळील गॅटविक विमानतळ केवळ ड्रोन दिसल्याच्या वार्तेने बंद ठेवावा लागला होता. सुमारे एक हजार उड्डाणे व एक लाख चाळीस हजार प्रवासी त्यामुळे अडकले. सप्टेंबर २०२५ मध्ये कोपनहेगन व ओस्लो येथे त्याचीच पुनरावृत्ती झाली. आपल्या शेजारी, सुकमा जिल्ह्यातील किष्टाराम परिसरात, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावर ड्रोन घिरट्या घालत असल्याचे वृत्त नोव्हेंबर २०१९ मध्ये आले होते. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीचा दारूगोळा कारखाना, महाऔष्णिक विद्युत केंद्र आणि कोळसा खाणी आहेत. येथे ड्रोनचा विचार केवळ विमानतळाच्या संदर्भात करून भागणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने लसी पोहोचविण्यात आल्या. जव्हारला जे साधते ते भामरागडला का साधू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. पर्लकोटेच्या पुरावरून रक्ताची पिशवी वा सर्पदंशावरील औषध काही मिनिटांत पलीकडे जाऊ शकते. या भागात ज्या यंत्राकडे सुरक्षा दल संशयाने पाहते, त्याच यंत्राकडे आरोग्यसेविका आशेने पाहत असते.

ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा व लाल असे तीन पट्टे केले. हिरव्या पट्ट्यात सर्वसाधारणपणे चारशे फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची आणि लाल पट्ट्यात केंद्र शासनाची अनुमती लागते. याखेरीज पोलीस अधीक्षक वा त्याहून वरिष्ठ दर्जाच्या अधिकाऱ्यास एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल पट्टा घोषित करता येतो. ही तरतूद गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अत्यंत उपयुक्त आहे. मात्र मोहीम आणि पूर एकाच आठवड्यात आले, तर त्या ९६ तासांत औषध घेऊन जाणाऱ्या ड्रोनचे काय करावयाचे, याचे उत्तर जिल्हा शल्यचिकित्सक व पोलीस अधीक्षक यांनी आधीच मिळून ठरवून ठेवलेले असावे. ऐन वेळी दूरध्वनी लागेलच, असा भरवसा भामरागडात कोणी देऊ नये.

अनोळखी वस्तू आकाशात दिसल्यास गावकऱ्याने कोणास कळवावे, हाही साधा वाटणारा प्रश्न आहे. २ एप्रिल २०२२ च्या रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे आकाशातून धातूचे भलेमोठे कडे पडले. ते अग्निबाणाचा अवशेष असल्याचे नंतर समजले. त्या रात्री गावकऱ्यांनी जे पाहिले त्याची वर्दी पोहोचली ती कोणत्याही विमानविषयक यंत्रणेकडे नव्हे, तर स्थानिक पोलीस व महसूल कर्मचाऱ्यांकडे. पोलीस पाटील, वनरक्षक व आशा सेविका यांना ड्रोन ओळखण्याचे व वर्दी देण्याचे अल्पसे प्रशिक्षण दिले, तर कोणत्याही महागड्या रडारआधी ते उपयोगी पडेल.

न दिसणारे धोके

सायबर व बनावट धमक्यांचा उल्लेख येथे थोडक्यात करतो, कारण त्यांचे केंद्र या भागाबाहेर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रवासी नोंदणीच्या एका सामायिक संगणक प्रणालीवर हल्ला झाल्याने हीथ्रो, ब्रुसेल्स व बर्लिन येथील कामकाज विस्कळीत झाले. एकाच पुरवठादारावर अनेक विमानतळ विसंबून असण्याचा तो परिणाम होता, आणि लहान विमानतळांचे असे परावलंबित्व अधिकच असते. भारतात २०२४ या एका वर्षात विमानांना आलेल्या बॉम्बच्या खोट्या धमक्या हजाराच्या घरात गेल्या. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी नागपूरहून कोलकात्यास निघालेले विमान अशाच धमकीमुळे रायपूरला उतरवावे लागले. त्याच सुमारास धमक्यांच्या ई-मेलप्रकरणी नागपूर पोलिसांनी शोध घेतला तो गोंदिया जिल्ह्यातील एका व्यक्तीचा. महानगरातील विमान थांबविण्यासाठी महानगरात राहावे लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुरक्षा नियमांत दुरुस्ती करून अशा कृत्यांसाठी कठोर दंडाची तरतूद करण्यात आली आहे.

उपग्रह संदेशांतील हस्तक्षेपाचा प्रश्न किंचित जवळचा आहे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर व जम्मू परिसरात अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे शासनाने संसदेत सांगितले. जंगलावरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरला खाली ओळखीच्या खुणा फार कमी असतात, आणि ड्रोन तर बऱ्याच अंशी त्या संदेशांवर विसंबून असतो.

भिंत, वाघ आणि माणूस

विमानतळाच्या सुरक्षेचा सर्वांत जुना घटक म्हणजे त्याची कुंपणभिंत. सलग, उंच, वर काटेरी तार व आतून गस्तीचा रस्ता असलेली. शहरात ती कोणाला खुपत नाही. राजुरा तालुक्यातील मूर्ती येथे प्रस्तावित केलेल्या विमानतळाच्या बाबतीत मात्र वाघांच्या भ्रमणमार्गाचा प्रश्न पुढे आला. ताडोबाकडून तेलंगणातील कवालकडे जाणाऱ्या वन्यजीवांची वाट या पट्ट्यातून जाते. धावपट्टीची लांबी फार तर कमी करता येईल, पण सुरक्षेची भिंत अर्धवट ठेवता येत नाही. वनविभागाशी चर्चा करताना विमानांच्या आवाजाचा जितका विचार होतो, तितका या भिंतीचा होत नाही. जागा निवडतानाच सुरक्षा अधिकारी व वनाधिकारी यांनी एकत्र बसणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भिंतीच्या आत काम कोण करणार, हा अखेरचा मुद्दा. फितुरीचा धोका टाळण्यासाठी विमानतळावरील प्रत्येक कर्मचाऱ्याची पूर्वचारित्र्य पडताळणी होते व ती झाल्याशिवाय प्रवेशपत्र मिळत नाही. उद्योगक्षेत्र या पडताळणीस लागणाऱ्या विलंबाबद्दल तक्रार करते. गडचिरोलीत विलंबापेक्षा वेगळी अडचण संभवते. गोंड व माडिया समाजात तीच ती नावे अनेकांची असतात, एकाच व्यक्तीचे नाव शाळेच्या दाखल्यावर, आधारपत्रावर व शिधापत्रिकेवर तीन प्रकारे लिहिलेले आढळते. कोणाचा दूरचा नातलग कधीकाळी दलममध्ये होता, कोणाचा पोलिसांत, तर एकाच घरात दोन्हीही. अशा तरुणाचा अर्ज केवळ ‘अहवाल प्रतिकूल’ या दोन शब्दांवर फेटाळला गेला, तर विमानतळासाठी जमीन त्याच्या गावाची आणि नोकरी मात्र बाहेरच्याची अशी स्थिती होईल. नकाराचे कारण लेखी देणे व त्यावर ठरावीक मुदतीत जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय ठेवणे यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची खरेदी करावी लागत नाही. गडचिरोलीच्या विमानतळाची निविदा निघण्यापूर्वी ही सोय कागदावर आलेली असावी, कारण एकदा भरती सुरू झाली की नाकारलेल्या तरुणांची संख्या मोजण्यासही कोणी उरत नाही.